धरण उशाला, कोरड घशाला : खनिजांनी श्रीमंत असलेले देश गरीब का राहतात?

खाडीकाठची | शनिवार, रात्री ९:४०

मी ठाण्यात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात विदेशी व्यापाराचा धडा चालू होता. कच्चं तेल, तांबं, कोबाल्ट असं बोलता बोलता विषय नायजेरियावर गेला. जमिनीखाली एवढं तेल असून घराघरात अंधार कसा, हे मी सांगत होते. तेवढ्यात शहापूर तालुक्यातून रोज कसारा लोकलने येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमच्यासारखंच ना? धरणं आमच्याकडे, पाणी मुंबईला, आणि एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यावर टँकर."

वर्ग एकदम शांत झाला. मी 'पुढच्या तासाला बोलू' म्हणून वेळ मारून नेली, पण तेव्हापासून चैन नाही. म्हणून हा धागा.

नैसर्गिक संपत्ती असलेले देश मागे राहतात, याला पुस्तकात 'साधनसंपत्तीचा शाप' म्हणतात. मला हा शब्दच खटकतो. शाप म्हटलं की दोष मातीवर जातो आणि माणसं मोकळी सुटतात. मग हिऱ्यांच्या खाणी असलेला आफ्रिकेतला बोट्सवाना कसा वर आला? तुमच्यापैकी कुणी अशा देशांत राहिलं असेल, खाणी-तेलाच्या कामात असेल, तर कृपा करून लिहा. सोमवारी मला त्या मुलीसमोर उभं राहायचंय.

ऐरोली_सेक्टर८ | रात्री ९:५२

फार चांगला विषय, ताई. वाचतेय.

आकडेमोड | रात्री १०:३५

'शाप' हा शब्द रिचर्ड ऑटी यांनी १९९३ मध्ये रूढ केला. १९९५ मध्ये जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर यांनी आकडे मांडले : १९७० मध्ये ज्या देशांची अर्थव्यवस्था कच्च्या मालाच्या निर्यातीवर जास्त उभी होती, त्यांची पुढच्या वीस वर्षांतली वाढ सरासरीने मंद होती. तिथून सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य बसलं.

पण त्या मांडणीत दोन अडचणी आहेत. एक म्हणजे काळ. सत्तरच्या दशकात कच्च्या मालाला भाव होता, ऐंशीच्या दशकात तो कोसळला. चढावर उभं राहून उतारावर मोजमाप केलं, तर वाढ मंदच दिसणार. दुसरी अडचण मोठी. त्यांनी मोजलं ते 'निर्यातीत खनिजांचा वाटा किती', 'जमिनीत खनिज किती' ते नाही. ज्या देशात कारखाने नाहीत, शिक्षण नाही, तिथे निर्यातीत खनिजाचा वाटा आपोआपच मोठा दिसतो. म्हणजे गरिबीमुळे अवलंबन की अवलंबनामुळे गरिबी, हा गुंता सुटत नाही. २००८ मध्ये ब्रुन्श्वायलर आणि बुल्टे यांनी नेमकं हेच दाखवलं : प्रत्यक्ष साठे मोजले की शाप दिसेनासा होतो.

त्याआधी २००६ मध्ये मेहलम, मोएने आणि टॉर्विक या तिघांनी मांडलं की संस्था धड असतील तर खनिज वाढीला हातभार लावतं, नसतील तर ओरबाडणाऱ्यांचं फावतं. मला हे सगळ्यात पटतं.

'डच रोग' मात्र खरा आहे. १९५९ मध्ये नेदरलँड्सला ग्रोनिंगेनमध्ये वायू सापडला. निर्यातीचा पैसा आला, चलन महाग झालं, बाहेर माल विकणारे त्यांचे कारखाने मागे पडले. 'द इकॉनॉमिस्ट'ने १९७७ मध्ये त्याला हे नाव दिलं. श्रीमंत देशाने तो पचवला. नुकतं स्वतंत्र झालेलं राष्ट्र त्यानेच आडवं होतं.

दर्यावर्दी | रात्री ११:२०

मी नेरुळला राहतो, मर्चंट नेव्हीतून निवृत्त. १९७५ मध्ये कॅडेट होतो, वय वीस. आमचं जहाज सिमेंट घेऊन लागोसला निघालं होतं.

लागोसच्या बाहेर पोचलो तर समोर जहाजांचं गावच वसलेलं. रात्री दिवे दिसायचे ते किनाऱ्याचे नव्हेत, नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांचे. चारशेच्या वर जहाजं थांबली होती म्हणतात, आणि त्यातली कितीतरी सिमेंटची. १९७३-७४ मध्ये तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपासचा बाराच्या घरात गेला होता. सरकारच्या हातात एकदम पैसा खुळखुळायला लागला. बांधकामं काढायची ठरली आणि सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवलं गेलं. बंदराची वर्षाची क्षमता त्याच्या आसपासही नव्हती.

आम्ही कित्येक आठवडे नांगरावर होतो. जहाज थांबलं की दिवसाला डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा आकार, लागतं, ते त्या देशाने भरायचं. काही मालकांनी तर ते डेमरेज मिळावं म्हणूनच जुनी जहाजं तिकडे पाठवली, अशी चर्चा आमच्या मेसमध्ये रोज व्हायची. पावसाळा सुरू झाला. हॅच, म्हणजे मालाच्या कोठाराचं तोंड, कितीही झाका, दमट हवा आत शिरतेच. खालच्या थरातल्या गोण्या दगड झाल्या. त्या दगड झालेल्या गोण्यांवर बूट ठेवून उभा राहिलो होतो, ते अजून तळपायाला आठवतं. त्या गोण्यांत शाळा होत्या, दवाखाने होते.

त्या देशाकडे पैसा होता. तो उतरवून घ्यायला धक्का नव्हता.

ऐरोली_सेक्टर८ | रात्री ११:३१

काका, अंगावर काटा आला.

खाडीकाठची | रात्री ११:४८

काका, 'उतरवून घ्यायला धक्का नव्हता' हे मी वहीत लिहून घेतलंय. मुलांना हे एका वाक्यात कळेल.

लागोसहून_परत | रविवार, सकाळी ७:१५

दर्यावर्दी काकांनंतर तीस वर्षांनी मी तिथे गेलो. २००६ ते २०१७, खारघरचं घर भाड्याने देऊन. औषधांच्या वितरणाचं काम.

वीज गेली की सगळी गल्ली एकदम अंधारते आणि मिनिटभरात जनरेटरांचा आवाज सुरू होतो. वीज आली की पोरं ओरडतात, "अप नेपा!" नेपा म्हणजे जुनं वीज मंडळ. ते नाव जाऊन वर्षं झाली, आरोळी राहिली. माझा शेजारी शिंपी होता. महिन्याच्या कमाईतला मोठा हिस्सा जनरेटरच्या पेट्रोलवर जायचा. आणि तेही पेट्रोल आयात केलेलं! कच्चं तेल बाहेर पाठवायचं आणि पेट्रोल जहाजाने परत आणायचं. सरकारी रिफायनऱ्या होत्या, पण चालल्या नाहीत. २०२४ मध्ये लागोसजवळ दिवसाला साडेसहा लाख पिंपं क्षमतेची खासगी रिफायनरी सुरू झाली. देशात तेल सापडलं १९५६ मध्ये. हिशेब करा.

आकडेमोड यांनी डच रोग सांगितला, त्याचं तिथलं रूप ऐका. उत्तरेला कानो शहर आहे. साठच्या दशकात तिथे शेंगदाण्याच्या गोण्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे, दुमजली-तिमजली उंच. जगातल्या मोठ्या शेंगदाणा निर्यातदारांत नायजेरियाचं नाव होतं. पाम तेलातही पुढे होते. खनिज तेलाचा पैसा आला, तिथलं चलन नायरा महागलं, शेतमाल परवडेना, शेतकरी शहराकडे निघाले. दुष्काळ आणि रोगानेही घात केला, तेलाच्या माथी सगळं मारणार नाही. पण सरकारला शेतकऱ्याची गरजच उरली नाही, हे खरं. आज तो देश पाम तेल आयात करतो.

आणि नायजर नदीच्या मुखाशी ज्या डेल्टात तेल निघतं तिथले ओढे काळे. ओगोनी लोकांसाठी बोलणाऱ्या केन सारो-विवा यांना १९९५ मध्ये फाशी दिली. तिथली माणसं मात्र विलक्षण हिंमतीची आणि कामसू. 'आफ्रिकेतले लोक आळशी' असं कुणी इथे लिहिणार असेल तर आधी माझ्या त्या शिंप्याचा दिवस बघावा.

दाणाबाजार_वाशी | सकाळी ८:०२

शेंगदाण्याचे पिरॅमिड वाचून आमच्या एपीएमसीतली थप्पी डोळ्यांसमोर आली. आमच्याकडे कानोचा दाणा कधी आला नाही, पण आफ्रिकेची तूर मोझांबिक, टांझानियाहून भरपूर येते. तिथल्या शेतकऱ्याचा पैसा त्याच्या हातात जातो. मोझांबिकच्या समुद्रात एवढा वायू सापडला, आपल्या सरकारी तेल कंपन्यांचाही त्यात वाटा आहे, पण त्याच काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून बंडाळी आहे. २०२१ मध्ये पाल्मा गावावर हल्ला झाला आणि काम बंद पडलं. तूर पिकवणाऱ्याला जे मिळालं ते वायूच्या शेजारी राहणाऱ्याला अजून मिळालेलं नाही.

बेलापूरपट्टी | सकाळी ९:४०

रबाळ्याला आमचं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, जॉबवर्क. सरळ बोलतो. जमिनीत खनिज आहे म्हणून कुणी श्रीमंत होत नाही, त्याला आकार द्यावा लागतो. माझ्याकडे रोज पत्रा, अँगल, राउंड बार येतो. त्यात एक ग्रॅम लोखंड महाराष्ट्रातलं असेल-नसेल. पैसा आमच्या हाताने उभा राहतो.

इंडोनेशियाने बघा काय केलं. २०२० पासून निकेलचं कच्चं खनिज बाहेर पाठवणंच बंद. हवं असेल तर इथे येऊन भट्टी लावा. युरोपने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली तरी मागे हटले नाहीत. आज जगातल्या निकेलचा निम्म्याहून जास्त भाग त्यांचा आणि सुलावेसीत स्टेनलेसचे प्रचंड कारखाने. हे जमतं! मग झारखंड, ओडिशाने का नाही केलं? कुणी अडवलं होतं?

आकडेमोड | सकाळी १०:१०

@बेलापूरपट्टी, अडवलं होतं. दिल्लीच्या धोरणाने.

पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत 'भाडे समानीकरण' होतं. पोलाद देशात कुठेही न्या, रेल्वेभाड्याचा फरक सरकार सर्वांवर सारखा वाटणार. म्हणजे जमशेदपूरच्या कारखान्याच्या दाराशी जो भाव, जवळपास तोच मुंबईला. खाणीजवळ असण्याचा जो निसर्गाने दिलेला फायदा, तो कागदावरच्या एका ओळीने गेला. कारखानदार बंदराजवळ, बाजारपेठेजवळ आले. म्हणजे आपल्या ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, ठाणे-बेलापूर पट्ट्यात.

इंडोनेशियाचं खरं आहे, पण त्या भट्ट्या कोळशाच्या विजेवर चालतात, पैसा बहुतांश चिनी, आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं पाणी गढूळ झालंय. तेही हिशेबात धरावं.

बेलापूरपट्टी | सकाळी ११:२५

वडिलांना फोन लावला. ते गावी असतात. म्हणाले, "हो, टाटानगरला आणि ठाण्याला पोलादाचा भाव सारखाच असायचा, म्हणून तर धाडस केलं धंद्याचं." एवढी वर्षं मी म्हणत आलो की आमचं सगळं फक्त कष्टाचं आहे. कष्ट आहेतच, पण पायाखाली दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा दगड होता, हे आज कळलं. कुणी अडवलं होतं, हा प्रश्न मी मागे घेतो.

गडचिरोलीची_लेक | दुपारी १:०५

मोठ्या मनाने लिहिलंत दादा.

मी ठाण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं. एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे, उत्तम प्रतीचं लोहखनिज. आमच्या लहानपणी तो डोंगर म्हणजे माडिया आदिवासींच्या ठाकुरदेवाचं ठाणं. आता ट्रकांची रांग असते. रस्त्याकडेच्या धानावर लाल धूळ बसते, ती धुवायला पाऊसच यावा लागतो. कोनसरीला कारखाना झाला. गावच्या काही मुलांना पगार सुरू झालेत, हे मी नाकारणार नाही. भावाचा मित्र डंपर चालवतो, त्याच्या घरी आता शौचालय आहे, फ्रिज आहे.

पण माझी वहिनी अडली होती तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला अडीच तास लागले. लोह निघतं त्या गावातल्या बायकांच्या रक्तात लोह नाही. हिमोग्लोबिन सात, साडेसहा. मी हे आकडे स्वतः बघितलेत.

२०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीचा निधी. रॉयल्टी म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम; जुन्या खाणपट्ट्यांना तिच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांना १० टक्के रक्कम त्यात भरायची, आणि त्यातले आधी किमान ६०, २०२४ पासून किमान ७० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा गोष्टींवर. कागद चांगला आहे. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला जावा, एवढंच मागणं. माझ्या गावात निम्म्या लोकांना माहीतच नाही की असा पैसा आहे.

मुक्त_बाजार | दुपारी २:३०

सगळं मान्य, पण एक कटू बोलतो. पैसा लोकांच्या हातात दिला तरी काय होतं ते आपण नवी मुंबईत बघितलंच आहे. जमिनीचे पैसे आले, गाड्या आल्या, हळदीला लाखो उडाले, आणि हातात काही राहिलं नाही. प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटाचं तेच झालं. फॉस्फेट विकून सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत. एकवीस चौरस किलोमीटरचा देश, ठाणे शहरात असे पाचसहा मावतील, आणि मेलबर्नला बावन्न मजली इमारत बांधली. २००४ मध्ये कर्जापायी विकावी लागली. बेटाचा मधला भाग आता नुसते दगडी सुळके.

घणसोलीकर | दुपारी ३:५०

@मुक्त_बाजार, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. राग नाही, पण पूर्ण गोष्ट सांगितली पाहिजे.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. आजोबांची भातशेती, थोडं मिठागर. मोबदला मिळाला तो कवडीमोल. त्या पैशात शहरात एक खोलीही आली नसती, मग तो 'उडवला' म्हणणं कसं? शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील साहेब उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. कुणी आपणहून दिलं नाही. आमच्या घरात त्या पाच हुतात्म्यांना दरवर्षी हात जोडले जातात.

पुढे भूखंड मिळाला तेव्हा आमच्या घरात काय झालं तेही सांगतो. धाकट्या काकाने भूखंड लगेच विकला. टेम्पो घेतला, सोनं केलं, मुलीची हळद जोरात केली. पाच वर्षांत टेम्पो भंगारात. थोरल्या काकाने विकला नाही. कर्ज काढून खोल्या बांधल्या. त्या भाड्यावर तीन पोरं शिकली, एक बहीण वकील झाली. दोघं एकाच आईची मुलं, एकाच शाळेत चौथी शिकलेली. फरक एवढाच की थोरला काका गावकीचा हिशेब ठेवायचा, त्याला वही लिहायची सवय होती. धाकट्याला कुणी विचारलंच नाही की पैसा संपल्यावर काय. बिल्डरची माणसं मात्र रोज दारात.

जमीन एकदाच जाते. तिच्या बदल्यात दुसरं काहीतरी उभं राहिलंच पाहिजे, मग ती खोली असो, शिक्षण असो. हळदीत चार पैसे गेले म्हणून गाव बुडत नाही.

मुक्त_बाजार | दुपारी ४:१२

दादा, माफी मागतो. मी ऐकीव बोललो. तुमच्या दोन काकांची गोष्ट माझ्या मुलाला वाचून दाखवली.

पाचपाखाडीची_आजी | सायंकाळी ५:४५

मोबाइलवर लिहायला वेळ लागतो, म्हणून सगळं वाचून मग लिहितेय. ह्यांना बोट्सवानात लेखापालाची नोकरी होती. १९९१ ते ९९ आम्ही गाबोरोनला होतो.

तिथले शेजारी सांगायचे : १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशभरात डांबरी रस्ता होता अवघा बारा किलोमीटर. पदवीधर बावीस. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जागा होती पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच टोळीच्या मुलखात. त्यांनी काय केलं? खनिजांचा हक्क टोळ्यांकडून काढून सगळ्या देशाच्या नावावर केला. आपल्या लोकांच्या दारात आलेली लक्ष्मी सर्वांच्या घरी पाठवली. मग खाण चालवणाऱ्या कंपनीशी पुन्हा वाटाघाटीला बसले. आधी सरकारचा हिस्सा १५ टक्के होता, १९७५ पर्यंत तो ५० वर नेला. घाई केली नाही, कंपनीला हाकललं नाही, पण वाकलेही नाहीत. घणसोलीकर, तुमच्या साडेबारा टक्क्यांचं वाचताना मला तेच आठवलं.

तिथे गावची सभा असते, ख्गोटला. मोठ्या झाडाखाली बसतात, मंत्र्यालाही लाकडी खुर्चीवर बसून म्हाताऱ्या बायकांचे प्रश्न ऐकावे लागतात. मी स्वतः बघितलंय. एका आजींनी पाण्याच्या नळावरून एका बड्या अधिकाऱ्याला अर्धा तास धरून ठेवलं होतं.

सगळं गोड नाही हं. एड्सने घराघरातली तरुण माणसं नेली. विषमता फार. आणि आता सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे बनतात, त्याने खाणीच्या हिऱ्याचा भाव पडलाय. २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष लोकांनी शांतपणे घरी बसवला. इतकी वर्षं हिऱ्यांवर राहून दुसरा धंदा नीट उभा राहिला नाही, ही खंत आमच्या तिथल्या मैत्रिणी फोनवर बोलून दाखवतात.

आकडेमोड | सायंकाळी ६:२०

आजी, यापेक्षा चांगलं कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

भावाच्या चढउताराबद्दल एक जोडतो. चिलीने २००१ पासून नियम केला की अर्थसंकल्प आजच्या तांब्याच्या भावावर बसवायचा नाही. स्वतंत्र तज्ज्ञ दीर्घकाळचा सरासरी भाव ठरवतात, त्यावर खर्च बेततात. वरचा पैसा बाजूला. लोक ओरडले, की तांबं तेजीत असताना हात आखडता का. मग २००८ अखेरीस भाव कोसळले, तेव्हा २००९ मध्ये त्याच शिल्लकीतून लोकांना आधार देता आला.

आत्ता सगळ्यांचं लक्ष दक्षिण अमेरिकेतल्या गयानाकडे आहे. लोकवस्ती आठ लाखांच्या आसपास, म्हणजे ठाणे शहराच्या निम्मीही नाही, आणि त्यात मोठा वाटा आपल्याकडून गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, करून नेलेल्या लोकांच्या वंशजांचा. तेल सापडलं २०१५ मध्ये, उपसा २०१९ च्या अखेरीस सुरू. २०२२ मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात ६० टक्क्यांहून जास्त वाढली. पण २०१६ च्या करारात रॉयल्टी अवघी २ टक्के. तो करार कसा केला, यावर तिथे आजही वाद आहे.

जुना_ड्रिलर | रात्री ८:१०

मी अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रावर होतो, चौदा दिवस समुद्रात, चौदा घरी. 'सागर सम्राट' या विहीर खोदणाऱ्या जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं तेव्हा मी शाळेत होतो. १९७६ मध्ये उपसा सुरू झाला आणि पुढे तेल-वायूच्या नळ्या उरणला आल्या.

आपल्याला शाप का लागला नाही? दोन कारणं मला दिसतात. देश मोठा, तेल त्यामानाने थोडं. सरकारचा संसार त्याच्यावर चालत नव्हता, लोकांच्या करावर चालत होता. आणि जे निघालं ते इथेच शुद्ध झालं. वायूवर उरणला वीज झाली, थळला खत झालं. दर्यावर्दी म्हणतात तो धक्का आपल्याकडे होता.

पण समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी केंद्राला जाते, किनाऱ्यावरच्या राज्याला नाही. आसाम-गुजरातला जमिनीवरच्या विहिरींची मिळते. नळी उरणच्या कोळीवाड्याजवळून जाते, जाळ्याची जागा अडते, वाटा शून्य. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की रॉयल्टी हा कर नाही आणि राज्यं खनिजांच्या हक्कावर कर लावू शकतात. समुद्राला ते लागू नाही, पण विचार त्या दिशेने सरकला, याचा मला आनंद झाला.

रेतीबंदर | रात्री ८:४४

मुंब्र्याचा आहे. आमच्या खाडीत डुबी मारून रेती काढायचे. घमेलं घेऊन खाली, दम धरून भरायचं, वर. दिवसाला रोख पैसे. माझ्याबरोबरची सातवीतली सहा पोरं शाळा सोडून होडीवर गेली, कारण मास्तरपेक्षा ती जास्त कमवायची. मग सक्शन पंप आले, डुबीवाल्यांची गरज संपली. पुढे बंदी आली. त्या सहांपैकी दोघांचे कान कायमचे गेलेत. आकडेमोड सर, तुमचा डच रोग आमच्या वर्गात शिरला होता.

शहापूरकर | रात्री ९:३०

ताईंच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण तो माझ्या तालुक्याचा आहे.

तानसा धरण १८९२ चं. भातसा मुंबईला जवळपास निम्मं पाणी देतं. तरी कसाऱ्याकडच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. लोक विचारतात, धरण शेजारी असून पाणी का नाही? कारण साधं आहे. धरणाचं पाणी खाली, पाडे वर. मुंबईकडे उतार आहे, आणि वाटेत जिथे पंप लागतो तिथे तो मुंबई महापालिका चालवते. पाड्यावर चढवायला पंप, वीज, टाकी आणि दर महिन्याचं बिल लागतं. ते कुणी भरायचं, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नव्हतं. जमीन गेली ती आदिवासींची, आणि सही करताना त्यांच्या बाजूने बसायला कुणी नव्हतं.

म्हणून त्या मुलीला सांगा, पोरी, तुझं बरोबर आहे, फक्त एक फरक लक्षात ठेव. तेल संपतं, तांबं संपतं. पाणी दर पावसाळ्यात परत येतं. नाउरूला दुसरी संधी नाही, शहापूरला दरवर्षी आहे. प्रत्येक हजार लिटरमागे थोडे पैसे जरी वेगळे काढून वरच्या पाड्यांच्या पंपांना बांधून दिले, तरी पुढच्या एप्रिलला फरक दिसेल.

गडचिरोलीची_लेक | रात्री ९:४१

+१. आणि तो करार मराठीत असावा, फळ्यावर लावलेला.

खाडीकाठची | सोमवार, सायंकाळी ६:३०

आज तास घेतला. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते. दर्यावर्दी काकांची गोणी, आजींचं झाड, घणसोलीकरांचे दोन काका, सगळं वाचलं. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत.

शहापूरकर, तुमचा प्रतिसाद तिलाच मोठ्याने वाचायला दिला. 'धरणाचं पाणी खाली, पाडे वर' इथे ती थांबली. म्हणाली, "मॅडम, आमचा पाडा धरणापासून किती उंच आहे, ते मोजता येईल का?" भूगोलाच्या सरांना विचारलं, ते लगेच तयार झाले. पुढच्या रविवारी आम्ही अकरा जण जातोय. उंची मोजू, पंपाला किती वीज लागेल, महिन्याला किती खर्च येईल ते काढू, आणि तो कागद तिच्या ग्रामसभेत देऊ.

तुम्ही आसनगावला भेटाल का? आणि बेलापूरपट्टी दादा, पंपाचा हिशेब आमच्यापैकी कुणालाच येत नाही.

बेलापूरपट्टी | सायंकाळी ६:३८

येतो. सकाळची कोणती कसारा धरताय ते सांगा, मी ऐरोलीहून ठाण्याला येऊन तुमच्याच डब्यात चढतो. उंची आणि माणसं किती, एवढं आधी कळवा, त्या मापाच्या पंपाचे भाव काढून आणतो.

शहापूरकर | सायंकाळी ७:०५

आसनगावला जीप घेऊन उभा असतो. पाणी घरून भरून आणा, पाड्यावरचं नको मागायला.